संगीताचा तास, शेवटच्या बाकावरून

एखाद्या शाळेत संगीत कसे शिकवले जाते, असे मुख्याध्यापकांना विचारले की बहुतेक वेळा उत्तर कपाटाकडे बोट दाखवून मिळते. कपाटात समूहगान स्पर्धांचे करंडक असतात, भिंतीवर आंतरशालेय स्पर्धेतल्या चमूची छायाचित्रे असतात, आणि शाळेतून पुढे गेलेल्या एखाद्या गायिकेचे नाव कौतुकाने सांगितले जाते. हे सारे खरे असते आणि अभिमान वाटावा असेही असते. पण छायाचित्रातली मुले मोजली तर ती वीस-पंचवीस भरतात आणि शाळेचा पट हजार-बाराशेचा असतो. गणिताच्या बाबतीत असे उत्तर कोणतीही शाळा देणार नाही. प्रज्ञाशोध परीक्षेत चार मुले चमकली म्हणून शाळेचे गणित चांगले, असे कोणी मानत नाही. सातवीतल्या सर्वसाधारण मुलाला अपूर्णांकांची बेरीज येते का, हेच पाहिले जाते. संगीताला मात्र आपण आजवर वेगळी मोजपट्टी लावत आलो आहोत. शाळेतल्या संगीताचा खरोखर आढावा घ्यायचा असेल, तर तो करंडकांच्या कपाटापाशी न थांबता शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कोणत्याही चमूत नसलेल्या मुलापर्यंत न्यावा लागतो.

या आढाव्याची सुरुवात करण्यासाठी संगीताचा वर्ग गाठण्याचीही गरज नाही. सकाळचा परिपाठ पुरेसा आहे. राष्ट्रगीत शाळेतले प्रत्येक मूल रोज म्हणते. २०२३ पासून त्याच्या जोडीला राज्यगीतही आले आहे. दहा वर्षांत एक मूल राष्ट्रगीत दोन हजारांहून अधिक वेळा म्हणत असेल. इतका सराव शाळेतल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीचा होत नाही. तरीही आपल्या अनेक शाळांत ते कसे म्हटले जाते, हे आपण सारे जाणतो. कोणीतरी एकजण मनाला येईल त्या सुरात सुरुवात करतो. सूर खाली लागला तर अर्धी मुले पुटपुटत राहतात. वर लागला तर शेवटच्या जयघोषांपाशी आवाज फाटतात आणि गाण्याची आरोळी होते. यात मुलांचा दोष नसतो. राष्ट्रगीताच्या चालीचा पल्ला मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंतचा, म्हणजे एका सप्तकाहून थोडा अधिक आहे, आणि शेवटच्या जयघोषांपैकी पहिला थेट तार षड्जावरच उभा आहे. मुलांच्या आवाजाला सुरुवातीचा षड्ज पांढरी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास मिळाला, तर हा संपूर्ण पल्ला बहुसंख्य मुलांच्या आवाक्यात येतो. त्याहून तीन-चार स्वर वर गेले की शेवट हातचा जातो. उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीपूर्वी पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या यंत्रावर षड्ज वाजवावा, मुलांनी तो क्षणभर ऐकावा आणि मगच गायला लागावे. संपूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. षड्जासाठी आणखी पाच सेकंद कोणत्याही शाळेला परवडावेत. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेने एवढा एकच बदल केला आणि महिन्याभरात प्रांगणातला आवाज ओळखू येईनासा झाला.

सुराचा हाच घोळ वर्गातही चालतो. शिक्षक पुरुष असतील तर ते स्वतःच्या आवाजाला सोयीच्या काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. मुलांचा आवाज त्यांच्यापेक्षा एक सप्तक वर असतो. मोठी मुले ते आपोआप जमवून घेतात, पण पहिली-दुसरीतली काही मुले मास्तरांच्या खर्जाचीच नक्कल करू पाहतात आणि घशातून नुसती घरघर निघते. शिक्षिका असतील तर त्यांचा नेहमीचा सूर काळी चारच्या आसपास. त्या पट्टीत मध्य सप्तकाचा खालचा भाग लहान मुलांच्या सोयीच्या पल्ल्याबाहेर पडतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज आरामात फिरतो तो पाच-सहा स्वरांतच. शिक्षकाने आपली पट्टी सोडून मुलांच्या पट्टीत उतरावे, ही बालसंगीताची पहिली अट आहे. ती पाळली जाते की नाही, हे तपासायला संगीत विशारदाची गरज नाही. पेटीवर बोट कुठे आहे ते पाहिले तरी पुरते.

यानंतर वेळापत्रक. कागदावर बहुतेक शाळांत आठवड्याला संगीताची एक तासिका असते, पस्तीस मिनिटांची. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलनाची तयारी, आणि गणिताचा भाग संपवायचा राहिला म्हणून मागून घेतलेल्या तासिका वजा केल्या की वर्षाकाठी तीसच्या आसपास उरल्या तरी पुष्कळ. तीस तासिका म्हणजे साडेसतरा तास. एवढ्या वेळात साठ मुलांना काय शिकवायचे, हा प्रश्न शिक्षकाला एकट्याने सोडवायला लावणे अन्यायाचे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या ज्या शाळांचा पट शंभराहून अधिक आहे, तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले. पण ‘कला’ या एका शब्दात चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य सारेच आले, आणि नेमणूक झाली तर ती बहुधा चित्रकलेची होते. संगीताचे शिक्षक त्यामुळे अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर येतात. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावतात, शिक्षक-खोलीत त्यांना हक्काची खुर्ची नसते, आणि एप्रिलमध्ये त्यांना विचारायला कोणी नसते. आढावा समितीने या शिक्षकाशी बंद दाराआड अर्धा तास बोलावे. पुढच्या अहवालातली निम्मी वाक्ये तिथेच मिळतात.

आणि एकदा वाद्यांचे कपाट उघडून पाहावे. पेटीचे दोन स्वर बंद असतात, एक वाजतच राहतो, भाता फाटलेला असतो. तबल्याची शाई उखडलेली, डग्ग्याची वादी सैल. कपाटाची किल्ली कार्यालयात आणि कार्यालयातले लिपिक रजेवर, हा प्रकारही मी पाहिला आहे. नवी वाद्ये घेण्यासाठी देणगीदार मिळतो, त्याचा सत्कारही होतो. पेटी दरवर्षी सुरात लावून घेण्याचा खर्च मात्र कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही. बेसूर पेटीवर मुलांना सूर शिकवणे म्हणजे चुकीच्या खुणा असलेल्या पट्टीने भूमिती शिकवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे असे का झाले, याला थोडा इतिहास आहे. संगीत ही घराण्याच्या चौकटीत, निवडलेल्या शिष्याला, वर्षानुवर्षे समोर बसवून देण्याची विद्या होती. ती वर्गात आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि सर्वसामान्य घरांतल्या मुलामुलींसाठी संगीताचे दार उघडले. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या तिजोऱ्यांतल्या बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत बांधल्या, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग सिद्ध केले आणि १९२६ साली लखनौला सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजला अभ्यासक्रमाची चौकट दिली. या दोघांचे ऋण केवढे आहे, हे नव्याने सांगायला नको. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ सालीच, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले आणि प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंतच्या परीक्षांची शिडी गावोगाव पोहोचली.

मात्र ही शिडी ज्यांनी संगीत शिकायचे ठरवले आहे, अशांसाठी होती. शाळेतल्या वर्गात बसलेल्या साठ मुलांनी तसे काहीच ठरवलेले नसते. तरीही शाळांनी सोयीसाठी तोच अभ्यासक्रम थोडा पातळ करून उचलला. त्यामुळे पाचवीतले मूल ‘थाट म्हणजे काय’, ‘वादी-संवादी म्हणजे काय’ याच्या व्याख्या वहीत उतरवून घेते आणि तोंडपाठ करते. पण पेटीवर दोन स्वर वाजवले तर त्यांतला वरचा कोणता, हे त्याला सांगता येत नाही. मी काही वर्गांत हा प्रयोग करून पाहिला आहे. व्याख्या अचूक आल्या, स्वर ओळखता आले नाहीत. तानसेन घडले नाहीत तरी कानसेन घडावेत, ही पलुस्करांच्या नावाने सांगितली जाणारी अपेक्षा शालेय संगीताला अधिक लागू पडते, आणि नेमकी तीच मागे राहिली आहे. दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षांना बसणारे वाढले. ही चांगली गोष्ट आहे. पण ती मुले बहुधा शाळेबाहेरच्या क्लासात शिकून येतात. त्यांचे श्रेय शाळेने आपल्या अहवालात मांडू नये.

आता सर्वांत नाजूक भाग. बहुतेक शाळांत असे एखादे मूल असते, ज्याला कधी ना कधी सांगितलेले असते: ‘तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.’ स्पर्धा जवळ आलेली असते, शिक्षिकेवर दडपण असते, तिच्या मनात वाईट काही नसते. ते मूल मात्र ते वाक्य विसरत नाही. आपल्या ओळखीत पन्नाशीची, साठीची अशी माणसे आहेत, जी आरतीलाही मोठ्याने गात नाहीत. खोदून विचारले तर तिसरी-चौथीतली एक दुपार सांगतात. सूर न लागणे हा जन्मजात दोष आहे, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. खरोखरच स्वरांतला भेद ऐकू न येणारी माणसे असतात, पण ती फार थोडी. बाकीच्यांच्या बाबतीत ऐकलेला स्वर आपल्या गळ्यातून काढणे हे सायकल चालवण्यासारखे कौशल्य आहे. कोणाला चौथ्या वर्षी जमते, कोणाला नवव्या.

ते शिकवण्याची रीतही अवघड नाही. शिक्षकाने आपला स्वर देऊन मुलाला तो पकडायला लावण्याऐवजी आधी उलटे करावे. मुलाला मनात येईल तो स्वर गायला सांगावा आणि शिक्षकाने त्या स्वरावर यावे. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कसे वाटते, हे त्या मुलाला बहुधा पहिल्यांदाच जाणवते. तिथून एक स्वर वर, एक स्वर खाली, असे हळूहळू सरकता येते. याला प्रत्येकी काही मिनिटे लागतात, आणि नेमकी तीच वर्गात मिळत नाहीत असे सांगितले जाते. म्हणून एक हिशेब मांडतो. साठ मुलांच्या वर्गातले प्रत्येक मूल एकेकटे एक मिनिट ऐकायचे, तर साठ मिनिटे लागतात, म्हणजे दोन तासिकांहून थोडे कमी. तीसपैकी दोन. जूनअखेर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा ऐकायचे म्हटले तरी चार. सबंध वर्षात ज्या मुलाचा आवाज शिक्षकाने एकदाही सुटा ऐकलेला नाही, त्याच्या प्रगतिपुस्तकात कलेची श्रेणी कशाच्या आधारावर भरली जाते, हा प्रश्न आढाव्यात विचारलाच पाहिजे. उत्तर अनेकदा बाजारात मिळणाऱ्या तयार नोंदींच्या पुस्तिकेत सापडते: ‘कलेत रुची घेतो’, ‘गीते तालासुरात म्हणतो’. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची कल्पना चांगली होती. तिचे असे रूप होईल, असे ती मांडणाऱ्यांना वाटले नसावे.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. बाराव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान आवाज फुटतो. कालपर्यंत समूहगानात पुढे उभा असलेला मुलगा आज एका ओळीत दोनदा घसरतो, वर्ग हसतो, आणि तो गाणे सोडतो. आठवी-नववीच्या गानचमूत मुलगे का दिसत नाहीत, याचे कारण बरेचसे हे आहे. या काळात आवाज थोड्या स्वरांत, खालच्या पट्टीत, न ताणता वापरावा, आणि बाकीचा वेळ तालाला द्यावा. दादरा, केरवा, रूपक, तीनताल हातावर धरता येणे, दुगुन करता येणे, तबल्यावर किंवा ढोलकीवर साधा ठेका लावता येणे, हे सारे आवाज बसेपर्यंत करता येते. पण याविषयी वर्गात कोणी एक शब्द बोलत नाही, आणि मुलगा समजतो की आपला गळा बिघडला.

मग साडेसतरा तासांत शिकवायचे काय? हंगेरीतले संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या प्रेरणेने केचकेमेत या त्यांच्या जन्मगावी १९५० साली एक प्राथमिक शाळा सुरू झाली, जिथे रोज संगीताचा तास असे. रोजचा तास आपल्याला आज परवडणारा नाही, हे मान्य. पण कोदाय यांचे मूळ सूत्र उचलण्यासारखे आहे: मुलाला संगीत त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांतून, थोड्या स्वरांपासून सुरुवात करून, गळ्यानेच शिकवावे, वाद्य आणि लिपी मागाहून यावी. आपल्याकडे हे साहित्य विपुल आहे. भोंडल्याची बहुतेक गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात. पाळणे, ओव्या, बडबडगीते, दिंडीतले साधे अभंग यांची रचना अशीच आटोपशीर आहे. तिसरीपर्यंत हे पुरेसे आहे. त्यानंतर भूप किंवा दुर्गा यांसारखा पाच स्वरांचा राग घ्यावा. वर्षभर एकच राग पुरे. त्यात सरगम, एक बंदिश, त्याच रागाच्या छायेतले एखादे भावगीत किंवा नाट्यपद ऐकणे, आणि ‘हे कुठेतरी ऐकले आहे’ ही ओळख पटणे. सातवीतून बाहेर पडणाऱ्या मुलाने दहा गाणी पट्टी न सोडता गावीत, चार ताल हातावर धरावेत, आणि कोमल गंधार व शुद्ध गंधार यांतला फरक कानाने सांगावा. माझ्या मते एवढे साधले तर शाळेने पुष्कळ केले. लेझीम तर आपल्या शाळांत आहेच; ती शारीरिक शिक्षणाच्या खात्यात टाकल्यामुळे तिच्यातला ताल कोणी संगीत म्हणून मोजत नाही, एवढेच.

हे अगदी नवे काही नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ सालीच दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे असा आग्रह धरला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे आणि अभ्यासेतर विषय यांतली भिंत नको म्हटले, आणि एनसीईआरटीने २०२४ साली तिसरी व सहावीसाठी संगीत, नृत्य, नाट्य व दृश्यकला एकत्र आणणारी पुस्तकेही काढली. पुस्तके वाईट नाहीत. पण वर्गशिक्षकाने ती हाती घेऊन गावे, यासाठी त्याच्या गळ्याला आणि धीराला जी तयारी लागते, ती डी.एड.-बी.एड.च्या अभ्यासक्रमात फारशी करून घेतली जात नाही. शाळेने ठरवले तर हे घरच्या घरी करता येते. संगीत शिक्षकाने आठवड्यातून एकदा प्राथमिक विभागाच्या शिक्षिकांना अर्धा तास त्या आठवड्याचे गाणे शिकवावे, योग्य पट्टी दाखवावी, आणि रोज सकाळी पहिली पाच मिनिटे ते प्रत्येक वर्गात गायले जावे. आठवड्याच्या पस्तीस मिनिटांना जवळजवळ तेवढीच, किंचित कमी, जोड अशी मिळते, आणि तीही रोजची.

स्नेहसंमेलनाचा प्रश्न राहतो. हल्ली तिथे ‘ट्रॅक’ लावले जातात. ध्वनिक्षेपकातून तयार गाणे वाजते आणि मुले त्यावर नाचतात, किंवा ध्वनिमुद्रित वाद्यमेळावर चार निवडक मुले गातात. पालकांना ते आवडते, चित्रफिती निघतात. त्याला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक इयत्तेचे एक तरी गाणे संपूर्ण वर्गाने, कोणालाही न वगळता, पेटी-तबल्याच्या साथीवर प्रत्यक्ष गावे, असा नियम शाळा करू शकते. थोडे बेसूर होईल. पालकांना ते आधी सांगून ठेवावे लागेल, आणि मुख्याध्यापकांना एखाद्या विश्वस्तांची नाराजी सोसावी लागेल.

आढाव्याचे काम कोणी करावे, याचाही विचार हवा. शाळेबाहेरचा एखादा जाणकार, एक पालक, दुसऱ्या विषयाचा एक शिक्षक, असे तिघे पुरेत. नामवंत गवयी बोलावला की तो दिवस सत्कारात जातो. त्यांनी निरनिराळ्या इयत्तांच्या तीन तासिका पूर्ण वेळ, मागच्या बाकावर बसून ऐकाव्यात. मुलांशी बोलावे, विशेषतः चमूत नसलेल्यांशी. आणि मोबाइलवर एक काम न चुकता करावे: प्रत्येक वर्गाने गायलेले एकच ठरलेले गाणे जुलैत आणि मार्चमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवावे. वर्षअखेरीस दोन्ही मुद्रणे एकामागून एक लावली की वेगळ्या अहवालाची फारशी गरज उरत नाही. एका शाळेत आम्ही ती शिक्षक-खोलीत लावली होती. जुलैच्या मुद्रणात सहावी ‘ब’चे पाच-सहा आवाज ऐकू येत होते. मार्चच्या मुद्रणात किती, ते मोजता येत नव्हते. गणिताच्या बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितले, आणि मग विचारले की त्यांचा वर्ग असा मुद्रित करायचा राहिला आहे, तो केव्हा करणार.